छाट

राहात्याहून संगमनेरला मावशीकडे गेलो, की तिच्या मांडीवरच्या सुपात टेंभुर्णीची पाने आणि तंबाखू दिसायची. भिजवलेले पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचे. पंचवीस झाल्या की एक जुडी.

एकदा चोरून एक ओढली. मध्यम कडक; आधी पानाचा वास, मग जिभेला चटका. ठसका लागला आणि सापडलो.

"कशी झालीय रे?" मावशीने विचारले. मी वरमलो. जन्मभर वळूनही चव तिला ठाऊक नव्हती. तिच्या विडीची परीक्षा कारखान्यात, तीही डोळ्यांनी व्हायची. सैल, वाकडी ती 'छाट'. तिची मजुरी नाही. नापास विड्यांच्या या वादाची दखल १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानेही घेतली होती.

"चांगली झालीय," मी म्हणालो. मावशी क्षणभर हसली. मग म्हणाली, "पुन्हा ओढलीस तर याद राख!"