मृगाचा किडा आणि वाणी

पुण्यात मुलाकडं आलो की वेताळ टेकडीवर माझी चक्कर असतेच. मृगाचा दणकून पाऊस झाला की तिथं दोघं जोडीनं दिसतात: लाल मखमली मृगाचा किडा आणि काळपट वाणी, ज्याला काही जण पैसा म्हणतात. टेकडीवर माती थोडी, खाली मुरूम आणि काळा खडक. उन्हाळाभर दोघं त्यातच दडून असतात.

पण तऱ्हा वेगळी. वाणीच्या अंगावर मेणाचा पक्का थर नसतो, श्वासाची छिद्रंही नीट मिटत नाहीत, त्यामुळं उन्हात तो सुकतो. म्हणून पाल्याखाली राहायचं, रात्री फिरायचं. डिवचलं की वेटोळं करून घाण वासाचं पाणी सोडतो.

मृगाचा किडा मात्र भर दिवसा उघड्यावर हिंडतो. लाल रंगच पाखरांना सांगतो, नादी लागू नका! किडा म्हणतो आपण, पण पाय आठ, म्हणजे कोळ्याच्या भावकीतला. त्याची पिल्लं नाकतोड्यासारख्यांच्या अंगाला चिकटून रस पितात, मोठा झाला की किड्यांची अंडी खातो. बिनपगारी गडीच.

वाणीही मुळात कुजका पाला खाऊन माती करणारा. पण पेरणीनंतर पावसानं ओढ दिली की उगवत्या सोयाबीनला तोंड लावतो. तेव्हा लगेच दाणेदार औषध फेकलं तर मृगाचा किडाही मरतो. आधी संध्याकाळी रानात ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवा. सकाळी खाली जमलेले वाणी उचलून साबणाच्या पाण्यात टाका. आमच्याकडं धारा काढून झाल्या की हेच काम असतं.