हिशेबाच्या वहीतील साक्ष

लिथुआनियाने 1990 साली सोव्हिएत जोखड झुगारले. पुढच्याच वर्षी लिथुआनियन, कॅनेडियन व अमेरिकन ख्रिस्ती बांधवांनी तेथे एक महाविद्यालय काढले. तेच आज क्लायपेडा शहरातील एलसीसी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ होय. परदेशी स्वयंसेवकांनी तेथे येऊन शिकवण्याची परंपरा पडली. अशा विद्यापीठांतून आठ-दहा दिवसांच्या कार्यशाळा घेणाऱ्या ख्रिस्ती व्यावसायिकांविषयी मला, एका धर्मगुरूला, मोठा आदर वाटतो. प्रवचन हे माझे काम. पण जमाखर्च सचोटीने कसा मांडावा, हे अधिकाराने तोच सांगू शकतो, ज्याने मोहाच्या क्षणी खोटी नोंद नाकारली आहे.

1991 च्याच ‘सेंतेसिमस आन्नुस’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी बजावले आहे, की हिशेब चोख असूनही कामगारांची मानखंडना होत असू शकते. हा धडा अनुभवी माणसाच्या तोंडूनच पटतो.

मात्र पाहुण्याने एक भान ठेवावे. शौल्यायजवळच्या टेकडीवरील क्रूस सोव्हिएत सत्तेने 1961 साली बुलडोझरने उखडले. लोकांनी ते पुन्हा रोवले. अशांना व्यवहार शिकवावा. श्रद्धा मात्र त्यांच्याकडून शिकावी. आपल्या धर्मग्रामांतील अनुभवी उद्योजकांनीही आपले आठ दिवस अशा एखाद्या वर्गासाठी राखून ठेवावेत, हीच प्रार्थना.