धातूशेजारची जागा

वडवणीच्या शिवारात कापूस उपटला की ठिबकच्या १६ एमएमच्या काळ्या नळ्या गुंडाळून ठेवतात. गुंडाळताना त्या तडकत नाहीत, कारण त्यांच्या पॉलिथिनमध्ये इथिलीनच्या लांब साखळीला ब्युटीन किंवा हेक्झीनमुळे आखूड फांद्या फुटलेल्या असतात. साखळ्या गच्च रचल्या जात नाहीत आणि नळी वाकते. साखळीची लांबी आणि फांद्यांची दाटी बऱ्याच अंशी उत्प्रेरक ठरवतो. आम्ही रसायनवाले मात्र धातूचेच नाव घेतो: टायटॅनियम, क्रोमियम, निकेल. माझे म्हणणे असे, की साखळी जोडतो धातू, पण ती कुठे थांबायची हे बरेचदा त्याला धरून असलेल्या लिगँडवरचे किरकोळ दिसणारे गट ठरवतात.

१९९८ मध्ये अमेरिकेत ब्रुकहार्ट आणि लंडनमध्ये गिब्सन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लोखंडाचे उत्प्रेरक मांडले. तीन नायट्रोजन लोखंडाला धरतात, दोन्ही बाजूंना एकेक बेंझीनचे कडे. या कड्यांवर नायट्रोजनच्या लगतच्या दोन्ही जागांवर आयसोप्रोपिल बसवा, लांब सरळ साखळीचे घन पॉलिथिन मिळते. एकाच जागी मिथिल ठेवा आणि दुसरी मोकळी सोडा, तर तेच लोखंड ब्युटीन, हेक्झीनसारखे आखूड रेणू देते. म्हणजे नळीच्या फांद्यांचा कच्चा माल! साखळी सुटते ती आपला एक हायड्रोजन नव्याने आलेल्या इथिलीनला देऊन, आणि त्या देवघेवीला धातूपाशी ऐसपैस जागा लागते. मोठे गट दारात आडव्या टाकलेल्या खाटेसारखे ती जागा अडवतात.

कोणी म्हणेल, हा इलेक्ट्रॉनांचा खेळ आहे. तो आहेच, इलेक्ट्रॉन देणारे-ओढणारे गट वेग बदलतात. पण मिथिल आणि आयसोप्रोपिल इलेक्ट्रॉन देण्यात जवळपास सारखेच; फरक आकाराचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: बाजारातले बहुतेक पॉलिप्रॉपिलीन मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेल्या टायटॅनियमने बनते, तिथे असा घडवलेला लिगँड कुठे आहे? तिथेही बहुतेकदा थॅलेटसारखी एस्टरे घालतात, आणि पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवरचे मिथिल एका बाजूला येतात ते टायटॅनियमच्या अशा शेजारामुळे. मग गट मोठा करत जावे का? तेही नाही. गर्दी वाढली की हेक्झीनसारख्या अंगाने मोठ्या रेणूलाच आत शिरता येत नाही आणि फांद्या कमी होतात. म्हणून डाऊ कंपनीच्या टायटॅनियम उत्प्रेरकात धातूवर नेहमीच्या दोनऐवजी कार्बनचे एकच कडे ठेवून एक बाजू मुद्दाम उघडी सोडली. तिथून ऑक्टीनही सहज साखळीत शिरते.