छत्री उन्हात, माणसं सावलीत

कुंडलिकेकाठी तंबूची जागा सावली बघून ठरते आणि डिशच्या छत्रीची जागा सावली टाळून. कोलाडच्या आमच्या जुन्या मुक्कामांची सगळी पंचाईत इथूनच सुरू व्हायची.

दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही डिशवरची सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. दरमहा पैसे भरायचे नाहीत, त्यामुळे गाडीच्या टपावर छत्री बांधून निघणारे आमच्यासारखे हौशी लोक तयार झाले. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, कोलाडहून पाहिलं तर आग्नेयेला. मध्ये आंबा किंवा फणस आला की सिग्नल संपला. म्हणून छत्री पार शेताच्या उघड्यावर, टीव्ही तंबूपाशी, आणि दोघांच्या मधे केबल. तीही भाताच्या बांधावरून, कारण कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी पीक उभं असायचं.

केबल लांबली की काय होतं, हे आम्हाला एका केबलवाल्याने तिथेच समजावलं. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी उपग्रहाच्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवून खाली सोडतो. साध्या आरजी-६ केबलमध्ये वरच्या टोकाच्या लहरी शंभर मीटरला सुमारे ३० डेसिबल गमावतात, म्हणजे हजारातला एक भाग पोचतो. शिवाय त्याच तारेतून एलएनबीला १३ नाहीतर १८ व्होल्ट वर जावे लागतात. स्वस्त केबलची आतली तार तांब्याची नसते, तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असतं. तिच्यात व्होल्ट गळतात, आणि १८ व्होल्टवर येणारे चॅनेल तेवढे गायब होतात. बातम्या दिसतात, सिनेमा दिसत नाही. मग पोरांचा तर्क, की सरकारनेच बंद केला असणार.

छत्री फिरवणारा एका टोकाला, पडदा बघणारा दुसऱ्या टोकाला. अंतर एवढं, की निरोप पोचवायला मधल्या बांधावर एक पोरगं उभं करावं लागे. ‘आलं!’ त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर गेलेलं असायचं.

२ एप्रिल २०११ चा शनिवार. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत, श्रीलंकेच्या २७४ धावा. आमच्याकडे गावातले, शेजारच्या तंबूतले, स्वयंपाकाच्या काकू, सगळे एका टीव्हीपुढे. टीव्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. गंमत म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला भिऱ्याला १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर मुंबईसाठी वीज तयार होते, आणि तेच पाणी सुटलं की कोलाडला राफ्टिंग होतं. आमच्या तंबूपाशी मात्र विजेचा खांब नव्हता. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, नेमकी तेव्हा एका म्हशीने केबल ओढली. कनेक्टर खोचून चित्र परत आलं तर तो तंबूत! काकूंनी विकेट म्हशीच्या नावावर लिहिली. शेवटी धोनीचा षटकार आला तेव्हा जो ओरडा झाला, तो एकच होता. नदीपलीकडच्यांनीही ऐकला असेल.

आता त्याच काठावर प्रत्येक तंबूत फोन. २०२३ ची आयपीएल तर जिओसिनेमावर फुकट होती. चित्र स्वच्छ, पुन्हा बघायची सोय, आणि शेतात कोणी उन्हात उभं राहत नाही. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. कोकणातल्या पावसात त्या छत्रीने किती छळलं ते आठवतंय. ढग दाटले की पडदा चौकड्यांनी भरायचा. पण नव्या सोयीची एक खोड मला सोसवत नाही. प्रत्येक फोनवरचा सामना वेगवेगळ्या सेकंदाला धावतो. शेजारच्या तंबूत ‘सिक्स!’ ओरडतात तेव्हा आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावत येत असतो, आणि पलीकडच्या तंबूत त्याच षटकाराचा आनंद आणखी उशिरा उगवतो. एकाच काठावर एकाच चेंडूला तीनदा जल्लोष, आणि तिन्ही अर्धवट.

कोलाडच्या कॅम्पवाल्यांना म्हणूनच एक विनंती. मोठ्या सामन्याच्या रात्री एकच पडदा लावा, एकाच कनेक्शनवर. छत्रीच लावणार असाल तर आतली तार तांब्याचीच बघून घ्या, लांबी पन्नास मीटरच्या आत ठेवा, आणि गुरांच्या वाटेवर केबल डोक्यावरून न्या.