दोन हजारांची तारीख

शेतकऱ्याच्या खात्यात सरकारने थेट पैसे टाकले तर त्याचं घर बदलतं का, असा प्रश्न संपादकांनी विचारला. ग्रामीण अर्थकारण हा माझा अभ्यासाचा विषय. नशिराबाद आणि आसपासच्या शेतकरी घरांचे जमाखर्च मी लिहून घेत आलो आहे. माझं उत्तर असं, की घर बदलतं. पण किती बदलतं, हे रकमेपेक्षा पैसे कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या नावावर आले यावर ठरतं. व्याख्यानात हे सांगितलं की लोक माना डोलावतात आणि बाहेर चहा घेताना पुन्हा विचारतात, ‘सगळं खरं, पण दोन हजारांत होतं काय?’

आधी योजना थोडक्यात. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीची दोन हेक्टरची अट त्याच वर्षी निघाली. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून तेवढीच रक्कम वर घातली. म्हणजे वर्षाचे १२,०००. या आकड्याला ३६५ ने भागून ‘दिवसाला तेहेतीस रुपये’ अशा बातम्या छापून येतात. टीका करणारेही असाच भागाकार करतात आणि तो मला मुळीच पटत नाही. कोरडवाहू घरात पैसा रोज येतच नाही. कापसाचा पैसा दसऱ्यानंतर सुरू होतो आणि होळीच्या आत संपतो. खर्च मात्र मृगापासून. बियाणं, खत, निंदणी, पोरांच्या वह्या, मग पोळा, मग गणपती. जून ते दसरा हे चार महिने घर उधारीवर चालतं. त्या चार महिन्यांत एकरकमी दोन हजार हातात पडणं आणि रोजचे तेहेतीस रुपये, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

नशिराबाद आता नगरपरिषद आहे. जळगाव-भुसावळ महामार्गावरचं गाव, जळगाव हाकेच्या अंतरावर. घरातला एखादा मुलगा जळगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. तरीही पोट शेतीवरच. मी ज्यांचा हिशेब लिहितो त्यांतलं एक घर तीन एकरांचं, सगळी कपाशी. बीटी बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं, एकराला दोन पाकिटं धरायची. २०१९ साली बीजी-२ चं पाकीट ७३० रुपयांना होतं, २०२५ साली ९०१ ला. सहा पाकिटांचे झाले ५,४०६ रुपये. केंद्राचा हप्ता मात्र २०१९ मध्ये होता तेवढाच आहे. म्हणजे दोन हजारांत एका एकराचं बी येतं आणि वर जेमतेम दोनशे उरतात. बाकीचं कृषी केंद्रातून उधार.

उधारीचा दर रोखीपेक्षा चढा असतो. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्यालाही वरून माल रोखीनेच उचलावा लागतो. पण खरा तोटा दरातल्या फरकाचा नसतो. उधारी फेडायची असते पहिल्या वेचणीवर. मग ओलसर कापूस घरातूनच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, तो म्हणेल त्या भावाने. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, पण तो मिळायला सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबावं लागतं आणि कापूस वाळवावा लागतो. उधारी जितकी कमी, तितकं थांबता येतं. जूनच्या दोन हजारांचं खरं मोल ऑक्टोबरच्या काट्यावर कळतं, बँकेच्या पासबुकात ते कधीच दिसत नाही.

म्हणून मी तारखांच्या मागे लागतो. एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता २०२१ साली १४ मे रोजी आला, २०२२ साली ३१ मे रोजी. दोन्ही वेळा पेरणीच्या आत. २०२३ मध्ये तो २७ जुलैला आला, २०२४ मध्ये १८ जूनला आणि २०२५ मध्ये २ ऑगस्टला, म्हणजे ठरलेला काळ उलटून गेल्यावर. ऑगस्टात इकडे कपाशीला फुलपात्या धरायला लागलेल्या असतात. तेव्हाचे दोन हजार युरियाला आणि निंदणीला उपयोगी पडले, वाया गेले असं कोणी म्हणणार नाही. पण बियाण्याची उधारी तोवर झाली ती झालीच. तेलंगणाने २०१८ साली रयतू बंधू आणली तेव्हा पैसे हंगामाआधी द्यायचे हे योजनेतच घातलं होतं, एकरी चार हजार, दर हंगामाला. त्या योजनेत मोठ्या जमीनदाराला जास्त पैसे गेले, कुळाला काहीच नाही, हे दोष खरेच आहेत. पण हंगामाचं भान तिच्या आखणीत होतं. आपल्याकडे कार्यक्रमाची तारीख ठरते आणि हप्ता तिच्यामागून येतो. २५ मेच्या आत पैसे जमा करायचे, एवढा एकच नियम केला तर एक रुपयाही न वाढवता या योजनेचा उपयोग वाढेल.

आता दारू. हे पैसे दारूत तर जात नाहीत ना? शहरातला प्रत्येक श्रोता हा प्रश्न विचारतो. ‘सेवा’ संस्थेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून मध्य प्रदेशातल्या काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख देऊन पाहिलं, सुरुवातीला मोठ्यांना २०० रुपये आणि मुलांमागे १००. दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही. खाणं सुधारलं, बी-खत आणि शेळ्या-गुरं यांवर खर्च वाढला. जगभरच्या अभ्यासांचं म्हणणंही बहुतेक हेच आहे. त्याच प्रयोगात लोक दुसऱ्याकडच्या मजुरीपेक्षा स्वतःच्या शेतावर जास्त राबू लागले. ‘फुकटच्या पैशांमुळे मजूर मिळेनात’ ही तक्रार करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. पावसाळ्यात ज्या बाईने उचल घेतलेली नसते, ती कोणाचा कापूस कोणत्या भावाने वेचायचा हे स्वतः ठरवते. मजूर आळशी झालेला नाही, त्याच्यावरची सक्ती सैल झाली आहे, आणि मला हे चांगलं वाटतं.

नावाचा प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तांत्रिक वाटेल, तरी सांगतो. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. एका कुटुंबाला एकच हप्ता, आणि तो ज्याच्या नावावर सातबारा त्याला. बहुतेक घरांत तो पुरुष असतो. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. नियम असा, की इतर सरकारी योजनेतून बाईला आधीच महिन्याला हजार मिळत असतील तर फक्त वरचे पाचशे द्यायचे. पीएम-किसान आणि नमोचे बारा हजार म्हणजे महिन्याला बरोबर हजार. त्यामुळे सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोला पूर्ण पंधराशे मिळतात, घरात बारा हजारही येतात. नवऱ्यामागे वारसाने जमीन नावावर आलेल्या बाईला पाचशेच. शेतही तीच करते, कर्जही तिच्याच नावावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती करूनही दिली. बाईचं नाव सातबाऱ्यावर यावं म्हणून ज्या राज्यात एवढी चळवळ झाली, तिथे नाव असण्याचा वर्षाला बारा हजारांचा तोटा व्हावा, याचं मला मनापासून दुःख होतं. दोन वेगवेगळ्या खात्यांनी दोन नियम केले, ते एका घरात एकत्र आल्यावर काय होईल हे कोणी मांडून पाहिलं नाही.

आणि एक घर आहे, ज्याचा हिशेब माझ्याकडे अर्धवट पडलाय. म्हातारे वडील वारले, हप्ता बंद झाला. तो व्हायलाच हवा होता. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना योजना लागू नाही, पण वारसाने आलेल्यांना सूट आहे. म्हणजे वारस नोंद केली की धाकट्या मुलाला हप्ता सुरू होऊ शकतो. तोच शेत करतो, मोठा भाऊ पुण्याला असतो. अर्ज एकट्याने केला तरी चालतो. फक्त प्रतिज्ञापत्रात सगळ्या वारसांची नावं द्यावी लागतात, दोन्ही बहिणींची सुद्धा. ती नावं लागली की हक्कसोडीचा विषय निघणार, आणि तो काढायची हिंमत घरात कोणालाच होत नाही. म्हणून अर्जच दिलेला नाही. मी धाकट्याला हे समजावत होतो तेव्हा त्याची बायको चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘भाऊ, नोंद झाली तर पुण्याच्या दादांनाही हप्ता लागेल का?’ ते प्राप्तिकर भरत नसतील आणि सरकारी नोकरीत नसतील तर लागेल, मी सांगितलं. ‘आणि आम्ही त्यांचा वाटा निमबटाईने करतो, त्याचे?’ त्याचे काही नाही. ओडिशाने कालिया योजनेत बटाईदार आणि भूमिहीनही घेतले होते, आपल्याकडे अजून नाहीत. यंदा त्यांनी सगळी पाकिटं उधारीवर आणली, आणि पहिल्या वेचणीचा कापूस वाळायच्या आत व्यापाऱ्याकडे गेला.