जाड आवाज

दादाच्या कपाटातून ते इंजिन निघालं तेव्हा त्याचा पंखा हलेना. मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन, जपानी, सुमारे ४ सीसीचं, मुठीत मावेल एवढं. जुन्या बनियनच्या चिंधीत एकोणीस वर्षं पडून होतं. मी पंख्याला जोर लावला, तशी दादाने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून नीट चालत नाही. पक्षाघाताने हात अर्धा नेला, शब्द त्याहून जास्त.

"नको," तो म्हणाला. मग बराच वेळ शोधून, "चहा."

वहिनी आधण ठेवायला उठल्यासुद्धा. दादा वैतागून मान हलवत राहिला. चहा नको होता, गरम करायचं होतं. हे कळायला मला दहा मिनिटं लागली, आणि म्हणे मी अनुवादक.

या इंजिनाला वेगळं वंगण नसतं. मिथेनॉलमध्येच तेल मिसळायचं. ते इंधनाबरोबर आत जातं आणि धुराबरोबर बाहेर येतं. दादाच्या एनसीसी एअर विंगच्या दिवसांत प्रमाण ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल असं असायचं. आई नाक दाबून पाजायची तेच एरंडेल. ते आत राहून गेलं तर सुकून रोगणासारखं तपकिरी होतं आणि पिस्टनला जागच्या जागी चिकटवून टाकतं. अशा वेळी ताकद लावली तर आतला दांडा वाकतो. ऊब दिली की रोगण सुटतं.

वहिनींचा हेअर ड्रायर आला. कार्बुरेटर आधी काढून ठेवला, त्यात रबराची रिंग असते. इंजिन हाताला चटका बसेल इतकं तापल्यावर तेलाचे थेंब सोडले आणि पंखा किंचित मागे-पुढे करत राहिले. खोलीभर वास पसरला. शाळेच्या मागच्या मैदानावरच्या रविवारचा वास. दादा मधोमध उभा राहून दोन तारांवर विमान गोल गोल फिरवायचा. मी वर्तुळाबाहेर बसून शेपटी धरायची आणि त्याने मान हलवली की सोडायची. तेवढंच माझं काम होतं. त्याचा मला केवढा अभिमान!

पंखा सुटला. पण पिस्टन वरच्या टोकाला गेला की अडकल्यासारखा वाटे. मी घाबरले, दादा हसला. अशा इंजिनाचं लायनर वरच्या बाजूला मुद्दाम किंचित निमुळतं ठेवलेलं असतं. चालताना तापून फुगलं की बरोबर बसतं. डिसेंबरातल्या नागपुरी सकाळी ते घट्टच लागणार. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे बॉल बेअरिंगची इंजिनं पडून पडून गंजतात. याला साधा बुश होता, म्हणून वाचलं.

इंधनाचा प्रश्न मोठा होता. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांत येतं ते, दुकानात जाऊन सहज मागता येत नाही. दादाच्या एका जुन्या मित्राने तयार इंधनाची बाटली आणून दिली. तो दादाशी मोठ्या आवाजात बोलत होता, जणू ऐकूच कमी येतंय.

"दिवा," दादा म्हणाला. त्याला ग्लो प्लग हवा होता. मी ओठांवर आलेला शब्द गिळला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, त्यांना शब्द पुरवू नका, थांबा. इतकं अवघड पथ्य मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं हाच माझा धंदा. एम.ए.ला समतुल्यतेच्या प्रश्नावर आम्ही दोन वर्षं एरंडाचं गुऱ्हाळ लावलं होतं. त्यात 'दिवा'सारखा नेमका शब्द एकदाही निघाला नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं इवलंसं वेटोळं असतं. दीड व्होल्टचा सेल लावला की ते नारिंगी पेटतं. इंजिन चालू झाल्यावर सेल काढून घ्यायचा. दाबाच्या उष्णतेने आणि प्लॅटिनमवर मिथेनॉलच्या वाफेची जी क्रिया होते तिने ते आपलं आपण धगधगत राहतं. १९४७ च्या सुमारास रे आर्डन या अमेरिकन माणसाने हे प्लग बाजारात आणले आणि विमानांना ठिणगीसाठी कॉइल-बॅटरीचं ओझं वाहायची गरज उरली नाही. आमचा दिवा पेटला.

इंजिन फळीवर आवळलं, फळी टेबलाला. सुई अडीच आटे उघडली. पंख्याला मी काठीने झटका द्यायचा आणि लगेच मागे सरायचं. सुई पंख्याच्या मागून दादाच्या डाव्या हातात. इंजिन दोन सेकंद खणखणलं आणि मेलं. परत तसंच. आत थेंब टाकले तेवढेच जाळून गप्प. मी म्हटलं, "सुई आणखी उघड." त्याने उघडली, माझ्या समाधानासाठी. काही फरक नाही.

"साप," तो म्हणाला.

मी थांबले. चौथ्या वेळी त्याने स्वतःच टाकीची सिलिकॉनची नळी उपटली, एक टोक बोटाने बंद केलं, दुसरं माझ्या तोंडाजवळ धरलं आणि नळी बादलीत बुडवली. मी फुंकर मारली. मधल्या भागातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. इंजिन इंधनाऐवजी हवा ओढत होतं.

नळी बदलल्यावर तिसऱ्या झटक्यात सुरू झालं. आधी जाड, अडखळता आवाज. इंधन जास्त असलं की एका फेरीला पेट घेतं, एक फेरी तशीच जाते. दादा सुईचा एकेक खटका बंद करत गेला आणि आवाज एकदम फुटून सरळ, तीक्ष्ण झाला. मला वाटलं, जमलं! मी अंगठा दाखवला. दादाने मान हलवली आणि दोन खटके मागे घेतले. आवाज जरा खाली आला. मग त्याने नळी चिमटीत क्षणभर दाबून सोडली: आवाज किंचित चढला, परत बसला. दाबताच पडला असता तर इंधन कमी. आणि इंधन कमी म्हणजे तेलही कमी; इंजिन सुंदर गात गात जळतं.

"जाड," दादा माझ्या कानाशी ओरडला. "जाड... बरं."

टाकी संपत आली तसा आवाज आपोआप चढला, शेवटी किंचाळला आणि बंद पडला. त्या शांततेत कान वाजत होते. दादाचा शर्ट तेलाने ठिपक्याठिपक्यांचा झाला होता.

मी इंजिन चिंधीत गुंडाळायला घेतलं. त्याने हिसकावलं, उरलंसुरलं इंधन काढलं, तेलाचे चार थेंब आत सोडले, डाव्या हाताने पंखा कितीतरी वेळ फिरवला. मग कपाटाकडे न जाता ते खिडकीत ठेवलं.

वहिनींनी ड्रायर धुवायचा कसा ते विचारलं. आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.