तांबडी रेघ टिकली पाहिजे : फोटो हलका कसा करावा

आज नेहमीच्या निबंधापेक्षा थोडा वेगळा विषय घेऊया. क्षेत्रभेट झाली, हस्तकलेचं प्रदर्शन झालं, की आपण दहा-बारा फोटो फोनमधून काढतो आणि जसेच्या तसे शाळेच्या संकेतस्थळावर चढवतो. फोटो छान दिसतात. पण ते पालकांच्या फोनवर उतरायला किती वेळ घेतात, हे कोणी बघत नाही.

आधी एक सोपं गणित करू. फोनचा साधा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा धरा. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. म्हणजे झाले १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, सुमारे ३६ एमबी. फोन स्वतःच ते दाबून ४ एमबीच्या आसपास आणतो. असे दहा फोटो म्हणजे ४० एमबी, म्हणजेच ३२० मेगाबिट. नेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर ते पान पूर्ण उघडायला १६० सेकंद लागतील. दोन मिनिटं चाळीस सेकंद!

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर लगेच उघडतं. उघडणारच, तुम्ही सावंतवाडीच्या बाजारात बसलाय. दाणोलीच्या पुढे आंबोलीच्या घाटाला लागा, त्यात आषाढातला पाऊस असू द्या, आणि मग तेच पान उघडून बघा. घाटालगतच्या वाडीत आई दिवसभराच्या कामानंतर पोरीचा फोटो बघायला फोन हातात घेते, आणि तिला दिसतं काय, तर पांढरा चौकोन. दोन मिनिटं कोण थांबतं? आपण फोटो लावला, पण ज्यांच्यासाठी लावला त्यांना तो दिसलाच नाही.

यावर पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय अगदी साधा आहे. फोटोची लांबी-रुंदी कमी करा. पानावर फोटो जेमतेम १२०० पिक्सेल रुंद दिसणार असेल, तर ४००० पिक्सेल कशाला पाठवायचे? १२०० बाय ९०० केला की पिक्सेल अकरापटीने कमी झाले. मग जेपेगची क्वालिटी ७५ ते ८० ठेवून सेव्ह केला, की बहुतेक फोटो २०० केबीच्या आसपास येतो. दहा फोटोंचे २ एमबी. त्याच मंद नेटवर आठ सेकंद. गंमत म्हणजे बरेच जण लांबी-रुंदीला हात न लावता नुसती क्वालिटी ४०, ३० अशी खाली आणतात. फोटो खराब होतो आणि तरी जडच राहतो.

आता हे दाबणं म्हणजे नक्की काय, ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडतो. त्या चौकोनातले ६४ आकडे तो वेगळ्या ६४ आकड्यांत मांडतो. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो. पुढचे सांगतात की रंग-उजेड किती सावकाश किंवा किती झपाट्याने बदलतोय. आपला डोळा सावकाश बदल नीट टिपतो, झपाट्याचे बारीक बदल त्याला फारसे कळत नाहीत. म्हणून जेपेग त्या बारीक बदलांचे आकडे गोळाबेरीज करून टाकतो. किराणा दुकानदार पैसे सोडून देऊन रुपयांतच हिशेब करतो ना, तसंच. बरेच आकडे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

या मांडणीचं गणित शोधणारा माणूस आपल्या देशातला आहे, हे वर्गात आवर्जून सांगा. नासिर अहमद, जन्म बेंगळुरूचा, १९४० चा. अमेरिकेत प्राध्यापक असताना त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं होतं, ते मिळालं नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९७४ च्या जानेवारीत छापून आला. जेपेगचं मानक ठरलं ते १९९२ साली, त्याच गणितावर. तुमच्या फोनमधल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या फोटोत ते गणित बसलंय.

जेपेग आणखी एक काटकसर करतो. उजेड-अंधार आणि रंग हे तो वेगळे करतो. उजेड पूर्ण ठेवतो, रंग मात्र बहुधा निम्म्या लांबीचा आणि निम्म्या रुंदीचा ठेवतो, म्हणजे चौथा हिस्सा. डोळा रंगाच्या बाबतीत जरा आळशी आहे, त्यामुळे हे चालून जातं.

पण सगळीकडे चालत नाही! इथेच आपल्या सावंतवाडीचा प्रश्न येतो.

मी मुलांना चार फोटो घ्यायला सांगतो. आंबोलीचा धबधबा, आंबोलीचंच धुकं, चितार आळीतलं लाकडी आंबा-केळ्यांचं ताट आणि गंजिफाचं एक पान. चौघांची लांबी-रुंदी सारखी, क्वालिटी सारखी. धबधब्याची फाईल सगळ्यात जड होते, कारण तिथे प्रत्येक चौकोनात पाण्याचे तुषार, पानं, खडक, नुसती गडबड. पण त्याच गडबडीत दाबल्याच्या खुणा लपून जातात, म्हणून तो बिनधास्त जास्त दाबा. धुक्याची फाईल अगदी हलकी होते, पण तिथे लपायला जागा नाही. क्वालिटी खाली गेली की धुक्यात फरशा बसवल्यासारखे चौकोन दिसायला लागतात. लाकडी फळांची गुळगुळीत लकाकी थोडीफार धुक्याच्याच जातीची. तिथे ८० च्या खाली जाऊ नये असं माझं मत.

आणि गंजिफा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही गोल पत्त्यांची जुनी कला आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक पान हाताने रंगवलेलं, वर लाखेची चमक. मत्स्याच्या दश्शीवर इवलेसे दहा मासे असतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी या कलेला आधार दिला, म्हणून ती टिकली. दरबार हॉलमध्ये बसून कलाकार पानं रंगवतात, ते तुम्हीही जाऊन बघू शकता.

अशा पानाचा फोटो वेबसाठी दाबला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांना काही फरक दिसला नाही. एका मुलीला दिसला. तिचा चित्रकलेचा हात चांगला आहे. ती म्हणाली, "सर, रेघेचो रंग फुटलो." बरोबर होतं तिचं. पिवळ्या जमिनीवरची तांबडी बारीक रेघ कडेला विरघळल्यासारखी झाली होती, आणि माशांच्या खवल्यांभोवती बारीक धूळ उडाल्यासारखं दिसत होतं. धुळीचं कारण ती गोळाबेरीज, आणि रंग फुटायचं कारण रंगाची काटकसर. रेघ एक-दोन पिक्सेलची आणि रंग चार पिक्सेलांना मिळून एकच, मग तो शेजारी सांडणारच.

यात माझ्या दृष्टीने नुकसान साधं नाही. पुण्या-मुंबईचा माणूस पान विकत घ्यायचं की नाही ते फोनवरचा फोटो बघून ठरवतो. कुंचल्याची ती रेघ हाच तर हाताने रंगवलेल्या पानाचा पुरावा. ती पुसट झाली, की छापलेला पत्ता आणि हे पान यात फरक काय राहिला?

उपाय आहे. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात जेपेग करताना सबसॅम्पलिंग नावाचा पर्याय असतो, तिथे ४:४:४ निवडा. म्हणजे रंगही पूर्ण ठेवला जातो. क्वालिटी ९० घ्या. फाईल जरा जड होईल, होऊ द्या, बाकीच्या नऊ फोटोंत आपण भरपूर वाचवलंय. गूगलने २०१० साली आणलेला वेबपी प्रकार जेपेगपेक्षा हलका पडतो आणि इतर फोटोंना छान आहे. पण साधा दाबलेला वेबपी रंग नेहमीच निम्म्यावर आणतो, क्वालिटी कितीही वाढवा. म्हणून गंजिफाला तो नको. पीएनजी काहीच गमावत नाही, पण तो संगणकावर काढलेल्या आकृत्या, तक्ते, नकाशे यांसाठी. कॅमेऱ्याच्या फोटोचा पीएनजी केला तर तो मूळ जेपेगपेक्षाही जड होऊन बसेल.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र या कामाला घेऊ नका. तो आधीच एकदा दाबलेला असतो, आणि गेलेली रेघ परत येत नाही. फोटो पाठवणाऱ्याला सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्या मूळ फाईलवरूनच छोटी प्रत काढा. छोटीवरून आणखी छोटी काढत गेलात, तर दर वेळी थोडं थोडं गळत जातं.

आणि हो, फोनच्या फोटोत कधी कधी तो कुठे काढला त्या जागेची नोंदही लपलेली असते. मुलांचे फोटो चढवताना ती काढून टाका. गिम्पमध्ये एक्स्पोर्ट करताना एक्झिफच्या चौकटीतली खूण काढली की ती नोंद सोबत जात नाही. शंका असतील तर खाली विचारा. गंजिफाचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मोठे करून बघा, तांबड्या रेघेच्या कडेकडे.